डोळ्यांच्या उंचीवरचे ऊन

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली, की आमच्या भागात ऊन खाली उतरते. यवतमाळचे वैशाखातले ऊन सर्वांना ठाऊक आहे. ते डोक्यावर असते. त्याच्यासाठी दुपट्टे आहेत, खिशातला कांदा आहे, दारे लावून पडून राहण्याची मुभा आहे. कार्तिकातल्या उन्हाला मात्र कोणी ऊन म्हणून मोजतच नाही. ते कोवळे, अंगणात पाट टाकून पाठीवर घ्यावे असे. परंतु दिवस कलला, की हेच ऊन हळूहळू डोळ्यांच्या उंचीला येऊन उभे राहते. त्या वेळी तुम्ही कळंबहून यवतमाळकडे गाडी चालवत असाल, तर ते तुमच्या समोर असते. रस्त्याच्या टोकाशी नव्हे, रस्त्याच्याच जागी.

परवा ते पुन्हा आले. दुपारपर्यंत मला त्याची आठवणही नव्हती. वर्गात पानांच्या रचनेवर बोलून झाले, सहीचे काम उरकले, गाडीची किल्ली हातात घेतली आणि आवारातल्या कडुनिंबाची सावली पार फाटकाबाहेर गेलेली दिसली. एवढी लांब सावली पाहून लोकांना थंडीची चाहूल लागत असेल. मी किल्ली मुठीत धरून तिथेच उभी राहिले.

मी कळंबच्या कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रकाशाकडे वळणे हा ज्यांचा स्वभावच आहे, अशा सजीवांविषयी मी पंचवीस-तीस वर्षे बोलत आले. प्रकाशापासून डोळे वळवून सरळ कसे जायचे, हे मात्र मला बावन्नाव्या वर्षी शिकावे लागले, तेही मोटार शिकवणाऱ्या एका मुलाच्या शेजारी बसून. तो माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. "मॅडम, उन्हाकडं पाहूच नका. डाव्या हाताची पांढरी पट्टी पाहा, तिचं बोट धरून चला," असे तो म्हणे. "अन् दिसणं बंद झालं तर?" असे मी एकदा विचारले. "तर गाडी बंद," तो म्हणाला. मला ते फार सोपे वाटले होते.

त्यापूर्वीचे माझे सगळे रस्ते मी माझ्या यजमानांच्या पाठीआडून पाहिले. लग्नानंतर कितीतरी वर्षे आमच्याकडे स्कूटर होती. आमचे घर यवतमाळात, ह्यांचे शेत कळंबच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच; माझे महाविद्यालय त्याच्या पुढे. सकाळी हे मला सोडून शेतावर जात आणि संध्याकाळी घ्यायला येत. परतीच्या वाटेवर मला दिसे ती ह्यांच्या सदऱ्याची पाठ, तिच्यावरचा घामाचा नकाशा, कॉलरला चिकटलेला कापसाचा एखादा तंतू आणि दोन्ही बाजूंनी मागे पळणाऱ्या बाभळी. वेचणीच्या दिवसांत त्या बाभळींच्या काट्यांवरही कापूस येतो. भरून जाणाऱ्या बैलबंड्यांमधून आणि मेटाडोरमधून उडालेले पुंजके काट्यांना अडकून राहतात आणि झाड अवेळी फुलल्यासारखे दिसते. मी ते पाहत बसे. समोर सूर्य आहे, हे मला कधी जाणवलेच नाही. तो आधी ह्यांच्या डोळ्यांवर पडत होता. पुढे मोटार आली, तरी माझी जागा शेजारचीच होती आणि मी बाजूच्या काचेतून शेते बघत होते.

मग एका वर्षी हे म्हणू लागले, "यंदा ऊन लई झालं."

मीही म्हटले, लई झाले. आम्ही दोघांनी मिळून त्या हंगामाला नावे ठेवली. पाऊस लांबला म्हणून हवेत धूळ नाही, धूळ नाही म्हणून ऊन असे धारदार, इथपर्यंत शास्त्रीय उपपत्ती मीच ह्यांना पुरवली. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला गाडीची डावी बाजू खरचटली, तेव्हाही आम्ही उन्हालाच बोल लावला. शेतावरचा कुत्रा गाडीखाली येता येता वाचला, तो भर दुपारी, सूर्य माथ्यावर असताना. त्या दिवशी उन्हाचे नाव दोघांनीही काढले नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी ह्यांना एका पांढऱ्या घुमटात डोके घालून बसवले आणि बारीक दिवे दिसतील तेव्हा बटण दाबायला सांगितले. मी बाहेरून पाहत होते. बराच वेळ ह्यांचे बोट हललेच नाही. मला वाटले, परीक्षा अजून सुरू व्हायची आहे. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. जे गेले ते परत येत नाही. जे उरले ते थेंबांनी राखायचे. उन्हाचा याच्याशी काही संबंध नाही, हेही त्यांनी माझ्या प्रश्नावर शांतपणे सांगितले. गाडी मात्र आजपासून बंद. परतताना आम्ही बसने आलो; मोटार मागाहून आणवली. उभ्या पावसाळ्यात मी गाडी शिकले.

म्हणून गेल्या वर्षीचा कापसाचा हंगाम हा माझा पहिला. मी चालवणार आणि हे शेजारी बसणार. सकाळची मला भीती नसे. सकाळी सूर्य उजव्या खांद्याशी असतो, ओळखीच्या माणसासारखा बरोबर चालतो. संध्याकाळ जवळ येई तशी मी वर्गाच्या खिडकीतून सावल्या मोजू लागे. शेतातून हे काठीने बांध चाचपत येत, गाडीत बसत आणि आपल्या बाजूची काच खाली करत. मला धुळीचा त्रास होतो, परंतु काच वर घे म्हटले, की म्हणत, "असू दे. मले ऐकू येत नाही मंग." तोवर हे कानांनी रस्ता पाहू लागले होते. मागून येणारी गाडी ट्रक आहे की एस.टी., पुढच्या बंडीचे बैल थकलेले आहेत की ताजे, हे सगळे हे सांगत. मला गंमत वाटे आणि गंमत वाटल्याची लाजही वाटे.

माझी खरी अडचण निराळीच होती. मला हॉर्न वाजवता येत नसे. म्हणजे हात पोचत असे. पण हॉर्न वाजवणे म्हणजे भर रस्त्यात अनोळखी माणसावर ओरडणे, असे मला वाटे. जन्मात मी कोणावर ओरडले नाही. बंडी पुढे असली, की मी मुकाट्याने तिच्यामागे चालत राही. हे म्हणत, "वाजव नं. काही म्हणत नाही तो." मी म्हणे, "जाईलच की तो." आणि बंडी गावाच्या फाट्याला वळेपर्यंत आमची मोटार बैलांच्या चालीने चाले.

त्या वर्षीच्या दसऱ्याची एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांबरोबर गाडीचीही पूजा होते. चाकांखाली लिंबू, पुढे नारळ, बॉनेटवर एक स्वस्तिक आणि समोरच्या काचेवर एक. तेलात कालवलेले कुंकू असते, म्हणून ते टिकते. आणि पूजेचे काही हाताने पुसायचे नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल, असा आमच्या घरचा रिवाज. काचेवरचे स्वस्तिक दरवर्षी हेच काढत, डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेला आडवे येणार नाही असे. त्या वर्षीही ह्यांनीच काढले. मी ताट धरून उभी होते. बोट कुंकवात बुडवून ह्यांनी काच चाचपली आणि सावकाश, मन लावून चार रेघा ओढल्या. त्या काचेच्या मधोमध, माझ्या बसण्याच्या अंगाला आल्या.

"बरोबर आलं नं कोपऱ्यात?" ह्यांनी विचारले.

मी म्हटले, "छान आलंय."

त्यानंतर रोज सकाळी मी काच पुसत असे ती त्या स्वस्तिकाला वळसा घालून. इतर वेळी ते फारसे आड येत नसे; मान जराशी तिरपी केली, की रस्ता दिसे. मानेची ती सवय मला पंधरवड्यात लागली.

दिवाळी होऊन गेली होती. त्या संध्याकाळी शेतावरून निघालो, तेव्हा हे खुशीत होते. बोंडे चांगली फुटली होती आणि गड्याने आणलेल्या तुरीच्या ओल्या शेंगांचा पिशवीभर वास गाडीत पसरला होता. सागाच्या सावलीतून रस्ता बाहेर पडतो, तिथे एक वळण आहे. ते वळण घेतले, आणि समोर ऊन होते.

मी काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. डाव्या पांढऱ्या पट्टीचे बोट धरले. एवढ्यात ते ऊन झडपेखालून काचेवर आले आणि स्वस्तिक पेटले. दुसरा शब्द मला सापडत नाही. तेलाला महिनाभराची धूळ चिकटली होती, धुळीला कापसाचे बारीक तंतू. त्यातला एकेक तंतू उजळला, रेघा एकमेकींत मिसळल्या आणि सगळी काच भिंतीसारखी पांढरी झाली. पट्टी गेली. बाभळी गेल्या. मान तिरपी केली, तर तिथेही तेच. मागे ट्रक आहे, हे मी थोड्या वेळापूर्वी आरशात पाहिले होते. थांबले तर तो येऊन आदळेल आणि न थांबले तर पुढे काय आहे ते ठाऊक नाही. पायाखालच्या तिन्ही पेडलांपैकी कोणते कशाचे, तेही मला क्षणभर आठवेना. भीतीत माणूस ओरडतो म्हणतात. मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरले.

"बाया आहेत पुढं," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बांगड्या वाजून राह्यल्या. थांब. हॉर्न मार."

माझा हात हॉर्नवर पडला आणि तिथेच राहिला. तो आवाज माझ्याच छातीतून निघतो आहे असे मला वाटले. गाडी गचके खात थांबली, बंद पडली. ट्रक कर्कश ओरडत उजवीकडून निघून गेला आणि त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. मग त्या पांढऱ्या भिंतीतून एक काळा पंजा आला आणि बॉनेटवर टेकला.

वेचणी आटोपून घरी निघालेल्या पाच-सहा बाया होत्या. बोंडांच्या टोकदार काठांनी हात ओरबाडू नयेत, म्हणून आमच्याकडे बाया लुगड्यावरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घालतात. पांढरे सदरे, डोक्यावर पांढऱ्या फडक्यांतली गाठोडी आणि समोर पांढरे ऊन. सगळ्यांत पुढची ठेंगणी, रुंद बांध्याची बाई बॉनेटवर हात ठेवून उभी होती. तिचे नाव इंदूबाई, हे मला नंतर कळले.

"काय वो मॅडम," ती म्हणाली, "कापूस वेचून झाला, आता आमाले वेचाले निंगाल्या का?"

मागून कोणीतरी म्हणाले, "दिसत नाही का बाईले? आंधळी हाये का?"

ह्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "आंधळा मी आहो, बाई. ह्या नाही."

आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. डॉक्टर दृष्टीचे क्षेत्र म्हणत, पुण्याहून मुलगी फोनवर प्रॉब्लेम म्हणे, मी डोळ्यांचा त्रास म्हणे. हे काहीच म्हणत नसत. आता तो शब्द ह्यांनी रस्त्यावर, गाठोडी घेतलेल्या अनोळखी बायांसमोर असा काढून ठेवला, जसा कोणी खिशातला रुमाल काढावा.

मग इंदूबाई म्हणाली, "मंग बरं हाये भाऊ, तुमी नाही चालवून राह्यले ते." आणि एकदम सगळ्या हसल्या. हेही हसले.

"तुले काय आडवं आलं?" हसू ओसरल्यावर ह्यांनी मला विचारले.

"ऊन."

"उन्हाले झडप आहे नं."

"काचेवर स्वस्तिक आहे," मी म्हटले.

"ते तं कोपऱ्यात आहे."

हे दार उघडून उतरले. पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवला, बॉनेटची कड चाचपत पुढे गेले आणि काचेचा डावा कोपरा पुसू लागले. तिथे काहीच नव्हते. स्वच्छ काच होती. सकाळीच मी ती पुसली होती. त्या स्वच्छ काचेवर ह्यांचा हात वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरत होता. ज्या क्रमाने रेघा काढल्या त्याच क्रमाने हे त्या पुसत होते.

मी आत बसून ते पाहिले. बाया बाहेरून पाहत होत्या. कोणी हसले नाही. ज्या कोपऱ्यात ह्यांनी स्वस्तिक काढले, तो कोपरा केवळ ह्यांच्यापुरता होता; आणि असे आणखी किती कोपरे असतील, घरात, शेतात, विहिरीच्या काठाशी, याचा विचार येताच मघाच्या भीतीहून मोठी भीती माझ्या पाठीतून खाली उतरली. मघाची भीती गाडी थांबवल्यावर थांबली होती. हिला कुठलाच ब्रेक नव्हता.

इंदूबाईने गाठोडे खाली ठेवले. "द्या भाऊ इकडं. मधात हाये थे, तुमचा हात नाही पुरत." तिने ह्यांच्या हातातला रुमाल घेतला. मग थबकली. "पूजेचं हाये. पुसू नं?"

"पुसा," हे म्हणाले. "देवाले समजते."

तिने स्वस्तिकाला हात जोडले आणि जोर लावून पुसले. तेल सहजी निघेना, तेव्हा सदऱ्याची बाही ताणून घासले. काच हळूहळू उघडली आणि तिच्यामागे इंदूबाईचा चेहरा आला, घामाने चिकट, भुवयांवर कापूस. बाहीला लाल डाग पडला होता. "मालकाचा सदरा हाये," ती मागच्या बायांना म्हणाली, "आता थो इचारन, कोनाचं कुंकू लावून आली म्हनून." पुन्हा हशा झाला. हे अजून डाव्या कोपऱ्याशीच उभे होते, काचेवर हात टेकवून.

"तुमी असं करा मॅडम," गाठोडे डोक्यावर चढवताना ती मला म्हणाली, "ऊन उतरू देत जा. घर काई पळून चाललं नाही."

त्या दिवसापासून आम्ही थांबतो. वळणाच्या अलीकडे, रस्ता सोडून, एका निंबाखाली. सुरुवातीला हे चिडत. "मोटारीतला माणूस सूर्याले भिऊन बसते काय? लोकं हासतील." लोक हसलेही असतील. परंतु भीतीचे एक बरे असते. ती वरचढ असली, की संकोचाला बोलू देत नाही. आयुष्यभर लोक काय म्हणतील याने दबून राहिलेली मी रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, सर्वांच्या देखत, काहीएक न करता बसू लागले. त्या वेळात खूप काही दिसे. परतणाऱ्या बकऱ्यांची पायधूळ सोनेरी होऊन हवेत तशीच राही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळी आधी तांबूस, मग जांभळट होत. बोंडे सर्वांत शेवटी विझत. त्या सौंदर्यापुढे मी कधी सैल होऊ शकले नाही. त्याच प्रकाशाने काय केले होते, किंवा करता करता राहिले होते, ते मला ठाऊक होते. इंदूबाईचा घोळका शेजारून जाई. "काय मॅडम, गेला नाही का तुमचा पाव्हना अजून?" ती विचारी. "जातो आहे," मी म्हणे. हे खिडकीतून तिला सदऱ्याचा डाग निघाला का विचारत.

थांबलेल्या गाडीत मी ह्यांच्याकडे चोरून पाही. ह्यांनी आपल्या बाजूची झडप खाली केलेली असे, तरी डोळे बारीक असत; ऊन फार झाले, की कपाळाशी तळहात धरत. ते पाहून मला धीर येई. ज्याला ऊन टोचते त्याला दिसते, एवढा माझा साधा हिशेब होता. शेतातल्या सगळ्यांना जो त्रास होता, तो ह्यांनाही आहे, यात मला सुख होते. उन्हाळा आला, सूर्य रस्त्यावरून बाजूला सरकला, आणि मी तो हिशेब विसरून गेले.

यंदाच्या दसऱ्याला ताट मीच धरले आणि कुंकवाची वाटी ह्यांनी माझ्यापुढे केली. "तू काढ," एवढेच म्हणाले. मी बॉनेटवर काढले. काच तशीच ठेवली.

आणि परवा ते ऊन परत आले. शेताशी ह्यांना घेतले, सागाची सावली संपायच्या आत गाडी डावीकडे निंबाखाली घेतली, बंद केली. वर्षभरात माझा हात पुष्कळ बसला आहे, हॉर्नही वाजवते. पण वळणाच्या अलीकडे माझा पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो. माझी झडप खाली ओढली. समोर, किंचित ह्यांच्या बाजूला, सूर्य तुरीच्या शेंड्यांच्या जरा वर होता. पुरा वाटोळा. मला त्याच्याकडे पाहवत नव्हते, म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिले.

ह्यांची झडप वरच होती. ऊन पूर्ण चेहऱ्यावर होते, पांढऱ्या भुवयांवर, गालाच्या खुंटांवर. डोळे उघडे होते. बारीकही केलेले नव्हते. हे निवांत, सावलीत बसावे तसे, समोर पाहत होते.

शेतातून एक बंडी निघाली आणि रस्त्याला लागली. मग ह्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"चाल नं आता. गेला नं तो."

माझ्या जिभेवर "हो" आला होता. छान आलंय, म्हटले होते, तसाच तो आला असता. किल्लीला हात लागला होता. काचेतून सूर्याचा चटका माझ्या मनगटावर बसत होता.

"नाही," मी म्हटले. "समोरच आहे. तुमच्या तोंडावर ऊन आहे."

ह्यांनी हात वर केला. पूर्वीसारखा कपाळाशी नेला नाही. गालावर ठेवला आणि ऊन चाचपले. मी वाकून ह्यांची झडप खाली केली. सावली डोळ्यांवर आली, तरी डोळ्यांत काही बदलले नाही.

"हां," हे म्हणाले. "ऊन तं आहे."

बंडीच्या घुंगरांचा आवाज लांब गेला. हे तो शेवटपर्यंत ऐकत होते. मग काठी दोन्ही पायांमध्ये नीट धरली आणि पाठ सीटला टेकवली.

"मावळला का सांगजो," ह्यांनी म्हटले.